अखेरचा शब्द आणि त्याचे वारस

'हॅम्लेट' नाटकाच्या अखेरच्या प्रवेशात राणी, राजा आणि लेअर्टीस असे तिघे एकामागून एक कोसळलेले असताना, आणि विष भिनून खुद्द राजपुत्राच्याही हातापायांतले त्राण जाऊ लागलेले असताना, त्याचा मित्र होरेशिओ तळाशी थोडेसे विष उरलेला पेला उचलतो व तोंडाला लावू पाहतो. तेव्हा ज्याला धड उभेही राहवत नाही असा हॅम्लेट अंगात उरलेल्या सगळ्या बळानिशी त्याच्याशी झटापट करून तो पेला हिसकावून घेतो. या झटापटीत केवळ मित्राचा जीव वाचवण्याची तळमळ आहे असे मला वाटत नाही. हॅम्लेटला साक्षीदार जिवंत हवा आहे. दरबारातल्या ज्या मंडळींनी हा रक्तपात डोळ्यांनी पाहिला त्यांना त्याच्यामागचे कारण ठाऊक नाही, थोरल्या राजाचा खून ठाऊक नाही, इंग्लंडला पाठवलेला तो दगलबाज खलिता ठाऊक नाही. आणि हे सगळे जाणणारा एकुलता एक माणूस या घटकेला मरून गेला, तर उद्याच्या बखरीत हॅम्लेटचे नाव राजहत्या करणारा एक माथेफिरू म्हणूनच नोंदले जाईल, ही धास्ती त्याला मृत्यूहून मोठी वाटते.

याच नाटकाचा आरंभ आठवावा. थोरला राजा बागेत झोपलेला असताना त्याच्या कानात विष ओतले गेले. त्याला पापाची कबुली देण्याची, धर्मविधी करून घेण्याची, मुलाला दोन शब्द सांगण्याची, कसलीच सवड मिळाली नाही. ज्याला अखेरचा शब्द उच्चारता आला नाही तो मग पिशाच्च होऊन किल्ल्याच्या तटावर हिंडतो आणि राहिलेले मृत्युपत्र मुलाच्या कानात सांगतो. मुलगाही ते ऐकून आपली टिपणवही काढतो व त्यात नोंद करून ठेवतो. म्हणजे बापाचा अखेरचा शब्द मुलाकडे आला आणि मुलाचा अखेरचा शब्द मित्राकडे गेला, या दोन हस्तांतरणांच्या मध्ये हे सबंध नाटक उभे आहे. कानातून गेलेल्या विषाने आरंभ आणि कानावर घातलेल्या हकीकतीने शेवट, ही रचना योगायोगाने साधलेली नसावी.

परंतु त्या हकीकतीचे पुढे काय होते? होरेशिओ आपली कैफियत मांडू लागतो तेव्हा समोर उभा असतो नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास, आणि होरेशिओच्या तोंडी येते ती हत्या, दैवयोग, चुकून झालेले घात आणि उलटलेली कारस्थाने यांची एक कोरडी यादी. त्या यादीत हॅम्लेटची रात्रंदिवसाची तगमग नाही, मरणाच्या पलीकडे काय असेल याविषयीचे त्याचे भय नाही, ऑफीलियाच्या थडग्याशी फुटलेला त्याचा हंबरडाही नाही. म्हणजे आपण प्रेक्षकांनी ज्याला हॅम्लेट म्हणून ओळखले तो त्या कैफियतीत कोठेच सापडत नाही. फॉर्टिनब्रास तर त्याला पुरता पाहिलेलाही नसताना शिपायाच्या इतमामाने त्याची अंत्ययात्रा काढण्याचे फर्मान सोडतो आणि तोफा डागवतो. हॅम्लेटने मरता मरता आपले मत या फॉर्टिनब्रासच्या पारड्यात टाकलेले असते, कारण डेन्मार्कचे राजपद निवडीने दिले जाई. इथे एक तपशील सहज निसटतो. पाचव्या अंकातला थडगी खणणारा बोलण्याच्या ओघात सांगून जातो की थोरल्या हॅम्लेटने थोरल्या फॉर्टिनब्रासचा पाडाव केला त्याच दिवशी धाकटा हॅम्लेट जन्मला. त्या विजयात बापाने जिंकलेली जमीन मुलाच्या अखेरच्या शब्दासरशी पुन्हा नॉर्वेच्या घराण्याकडे जाते, आणि वर तिच्याबरोबर सगळे डेन्मार्कही जाते. तीस वर्षांचा हिशेब एका मतात मिटतो.

शोकांतिकांतील मरणोक्तींचे संग्रह पुष्कळ झाले आहेत. त्यांत बहुधा मरणाऱ्याचे वाक्य वेचून, सुभाषितासारखे स्वच्छ पुसून, एकटेच मांडून ठेवलेले असते. ते कोणाला उद्देशून बोलले गेले, कोणी ऐकले, ऐकणाऱ्याने पुढे त्याचे काय केले, याचा पत्ता त्या पानावर लागत नाही. पुढील प्रकरणांत मी वेगळी वहिवाट धरली आहे. कसलेला वकील मृत्युपत्र हाती आले की मजकुरापूर्वी त्यावरील साक्षी पाहतो आणि अंमलबजावणी कोणाकडे सोपवली आहे ते पाहतो. नाटकातील अखेरच्या शब्दाकडेही तसेच पाहावे, असे माझे म्हणणे आहे. मरणारा काय ठेवून गेला हे ठरवणे त्याच्या हाती राहत नाही, ते मागे राहिलेल्यांच्या हाती जाते. आणि थोर नाटककारांनी आपले सारे सामर्थ्य मरणाऱ्याच्या वाक्यावर खर्च न करता त्या वाक्याच्या पुढच्या दोन-तीन पानांसाठीही राखून ठेवले आहे.

आपल्या संस्कृत नाट्यपरंपरेने रंगभूमीवर मृत्यू दाखवण्याचे टाळले, त्यामुळे मरणोक्तीला तेथे जागाच उरली नाही, असे सामान्यतः मानले जाई. १९१२ पासून त्रिवेंद्रमहून टी. गणपतिशास्त्री यांनी भासाच्या नावावरची नाटके छापण्यास सुरुवात केली आणि त्यांतल्या 'ऊरुभंगा'ने हा समज खोटा ठरवला. मांड्या मोडलेला दुर्योधन रणभूमीवर पडला आहे; आंधळा बाप, गांधारी, राण्या आणि लहानगा दुर्जय त्याला शोधत येतात; मुलगा सवयीने मांडीवर बसू पाहतो आणि बापाला त्याला बसवून घेता येत नाही. सबंध महाभारत ज्या मांडीभोवती फिरले, जी द्रौपदीला दाखवून उन्मत्त दुर्योधनाने आपला मृत्यू ओढवून घेतला, त्या मांडीवर आता स्वतःच्या पोराला जागा नाही. पुढे तो मुलाला जे सांगतो ते ऐकून माणूस चकित होतो: पांडवांची सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, द्रौपदी आणि अभिमन्यूची आई यांना आईप्रमाणे मान दे, अशा आशयाची ती शिकवण आहे. वैराचा वारसा तो मुलाच्या नावावर चढवू देत नाही. पण ही शिकवण देऊन होते न होते तोच अश्वत्थामा येतो, रात्रीच्या संहाराची प्रतिज्ञा करतो, आणि नुसत्या शब्दांनी त्याच दुर्जयाचा राज्याभिषेकही उरकून टाकतो. मरणाऱ्याने फेडू पाहिलेले वैर त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने आपल्या खाती ओढून घेतले.

ग्रीकांकडे बहुतेक मृत्यू पडद्याआड होत आणि निवेदक येऊन वर्तमान सांगे. तरीही सोफोक्लीसच्या 'एजॅक्स'मध्ये नायकाचे अखेरचे स्वगत प्रेक्षकांपुढे होते. शत्रू हेक्टरने भेट दिलेली तलवार मुठीकडून ट्रॉयच्या भूमीत रोवून तो सूर्याला, सलॅमिसला, अथेन्सला हाका मारतो आणि तिच्यावर अंग टाकतो. नाटक मात्र यानंतर आणखी एक तृतीयांशाहून अधिक उरलेले असते, आणि ते सगळे एकाच वादाने व्यापलेले आहे: या प्रेताला मूठमाती द्यायची की नाही. जुन्या टीकाकारांनी हा उत्तरार्ध रेंगाळलेला म्हणून त्याला नावे ठेवली. मला तोच भाग या नाटकाचा गाभा वाटतो. एजॅक्सने आपल्या मुलाला सात कातड्यांची ढाल ठेवली आणि बाकीची शस्त्रे आपल्याबरोबर पुरावीत असे सांगितले. मुलाचे नावच मुळी 'रुंद ढालीचा' अशा अर्थाचे. पण पुरायचेच नाही असे सेनापतींनी ठरवले तर त्या व्यवस्थेला किंमत काय? ती व्यवस्था अखेर पार पडते ती ज्याचा एजॅक्सने मरेपर्यंत द्वेष केला त्या ओडिसियसच्या रदबदलीने. भाऊ ट्यूसर त्याचे आभार मानतो आणि तरीही प्रेताला हात लावू देत नाही, कारण मृताला ते रुचणार नाही. उपकार घ्यावा आणि स्पर्श नाकारावा, हा विवेक त्या दुःखाच्या घटकेला ट्यूसरला सुचतो.

युरिपिडीसच्या 'हिपॉलिटस'मध्ये (इसवी सनपूर्व ४२८) मरणारा मुलगा, ज्याच्या शापाने हे मरण आले त्या बापाला, रक्तपातकातून मुक्त करतो. अथेन्सच्या प्रेक्षकाला यात केवळ करुणा दिसली नसेल. मरणाऱ्याने स्वमुखाने क्षमा केली तर मारणारा दोषमुक्त होतो हा त्याच्या शहराचा कायदाच होता. तिथे अखेरचा शब्द हा खराखुरा फारकतीचा दाखला होता.

आता 'ऑथेल्लो'. या नाटकापाशी मी या पुस्तकात सर्वांत अधिक रेंगाळलो आहे. सत्य उघडकीस आल्यावर, शस्त्र काढून घेतले गेल्यावर, ऑथेल्लो व्हेनिसच्या वकिलांना थांबवतो आणि आपल्याविषयी सरकारला जे पत्र लिहाल त्यात काय लिहावे याचा मजकूर जवळजवळ सांगून उतरवून घेतो: केलेली सेवा, झालेली चूक, हातून गेलेले रत्न, कमी करू नका आणि आकसाने वाढवूही नका. मग अलेप्पोत व्हेनिसच्या माणसाला मारणाऱ्या एका तुर्काची आठवण तो त्या मजकुराला जोडतो, आणि त्या तुर्काला आपण कसे मारले हे दाखवता दाखवता लपवलेले हत्यार स्वतःच्या देहात खुपसतो. टी. एस. एलियट यांनी १९२७ साली या भाषणावर असा आक्षेप घेतला की येथे ऑथेल्लो वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून स्वतःचीच समजूत घालीत आहे. आक्षेप पुरता खोटा नाही. पण एलियट यांनी बोलणाऱ्याकडे पाहिले. ज्याच्याकडून लिहून घेतले जात आहे त्याच्याकडे पाहिले नाही. पत्र लिहिणार लोडोव्हिको, तो डेस्डिमोनाच्या आप्तांपैकी. ऑथेल्लोचे घर आणि सारी मिळकत ताब्यात घ्यायला तो ग्रॅशिआनोला सांगतो, आणि हा ग्रॅशिआनो डेस्डिमोनाचा सख्खा चुलता. ज्या कुळाने हे लग्न म्हणजे आपल्या घरची चोरी मानली, ज्या कुळाचा कर्ता त्या दुःखाने मेला, त्याच कुळाच्या हाती या परक्या सेनापतीची मिळकतही गेली आणि त्याचा इतिहासही गेला. जप्तीची ही दोन वाक्ये रंगभूमीवर पुष्कळदा गाळली जातात. ती गाळू नयेत. त्यांच्यावाचून ऑथेल्लोची विनवणी किती निराधार होती हे कळत नाही.

आणि त्या आधीची डेस्डिमोनाची मरणोक्ती! हे कोणी केले असे एमिलियाने विचारताच ती दोष आपल्यावर घेते आणि नवऱ्याला निरोप देऊन प्राण सोडते. असत्य असूनही याहून शुद्ध दान शेक्सपिअरने कोणाच्या तोंडी घातलेले नाही. आणि ज्याला ते दिले तोच दुसऱ्या क्षणी ते फेकून देतो, ती खोटे बोलून मेली आणि मारणारा मीच असे ओरडतो. देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' लिहून ही जोडी मराठी रंगभूमीवर आणली. परंतु डेस्डिमोनाची खरी मराठी बहीण माझ्या मते गडकऱ्यांची सिंधू आहे. 'एकच प्याला'च्या अखेरीस नवऱ्याच्या हातून घायाळ झालेली सिंधू फौजदारापुढे खोटी जबानी देऊन सुधाकराला वाचवते. मरणाराच्या जबानीला १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, कलम ३२ अन्वये, ग्राह्य मानले, ते मृत्यूच्या दारात माणूस खोटे बोलत नाही या जुन्या विश्वासाला स्मरून. सिंधूने तोच विश्वास आपल्या कुंकवासाठी वेठीस धरला. कायद्याच्या हातून सुधाकर सुटतो आणि स्वतःच्या हाताने विष घेतो. पातिव्रत्याच्या ज्या कल्पनेतून ही जबानी आली तिचा आज कोणी निषेध केला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण बायकोने दिलेले आयुष्य नवऱ्याला पेलत नाही हे गडकऱ्यांनी किती निष्ठुरपणे दाखवले, तेही निषेध करणाराने पाहावे.

मराठीतली स्वतंत्र शोकांतिका तर मृत्युशय्येपाशीच जन्मली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ चे. ज्याच्यावर हे नाटक बेतले तो पेशवा १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेला. त्याआधी त्याने नऊ कलमांची यादी करून ठेवली होती, तिच्यात कर्ज फेडण्याची काळजी होती, आणि धाकट्या नारायणरावाला त्याने चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या, स्वाधीन केले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्या नारायणरावाचे काय झाले हे कीर्तन्यांच्या प्रेक्षकांपैकी कोणाला सांगावे लागत नव्हते. नऊ महिने, एवढेच त्या अखेरच्या शब्दाचे आयुष्य.

मरणाऱ्याला भविष्य दिसते अशी एक समजूत सर्वत्र आहे. शेक्सपिअरने ती जाणूनबुजून मोडली. अँटनी मरताना क्लिओपात्राला सांगतो की सीझरच्या माणसांपैकी फक्त प्रोक्यूलियसवर विश्वास ठेव, आणि तिला फसवून कैद करायला येतो तो हा प्रोक्यूलियसच. तिच्या स्वतःच्या मृत्यूत मात्र वारसा योग्य हाती पडतो: तिचे वाक्य अर्धेच राहते, दासी चार्मियन ते पुरे करते, आणि मग तिच्या डोक्यावरचा कललेला मुकुट नीट बसवते. ते काम आटोपल्यावरच ती स्वतः मरते. वेबस्टरच्या 'डचेस ऑफ माल्फी'त गळ्याला फास लागण्यापूर्वी सरदारीण दासीला सांगते की धाकट्याला सर्दीचे औषध दे आणि मुलीला झोपण्यापूर्वी प्रार्थना म्हणायला लाव. हे वाचताना मला नेहमी माझी आजी आठवते. शेवटच्या संध्याकाळी सगळे घर तिच्या तोंडाकडे पाहत असताना ती एवढेच म्हणाली की गिरणीत दळण राहिले आहे, पावसाच्या आत आणा. आईने तशीच छत्री घेतली आणि ती दळण आणायला गेली. डचेसच्या मुलांना औषध पाजायला कोणी उरत नाही. मारेकरी मुलांचे आणि त्या दासीचेही गळे आवळतात.

कधी कधी वारसदार हा नाटकातला नसून बाहेरचा असतो. 'किंग लिअर'च्या १६०८ च्या छापील प्रतीत म्हातारा आपल्या हृदयाला फुटून जाण्याची आज्ञा करीत मरतो. १६२३ च्या संग्रहात ते शब्द केंटच्या तोंडी गेले आहेत आणि लिअर कॉर्डीलियाच्या ओठांकडे पाहा असे सांगत मरतो. मुलगी जिवंत आहे या आनंदात तो गेला, असे ब्रॅडली यांनी १९०४ साली लिहिले, त्याला आधार या दुसऱ्या पाठाचा. म्हणजे तो निराशेत मेला की आशेत, हा निकाल छापखान्याच्या दप्तरातून लागतो. पहिल्याच प्रवेशात नकाशा पसरून जिवंतपणी सगळे राज्य वाटून टाकणाऱ्या या राजाजवळ शेवटी देण्यासारखे काही उरलेले नसते; गळ्याशी आवळणारी एक गुंडी सोडा एवढी मागणी करून ती सोडणाऱ्याचे तो आभार मानतो. मॅकबेथला तर शेक्सपिअरने मरणोक्तीच दिली नाही, नुसते छिन्न मस्तक रंगभूमीवर आणले. ते मौन लोकांना सोसवेना. १७४४ साली डेव्हिड गॅरिकने स्वतः पश्चात्तापाचे भाषण रचून ते मॅकबेथच्या तोंडी घातले. ज्याने झोपेचा खून केला त्याला अखेरचा शब्दही मिळू नये, हा नाटककाराचा न्याय त्या थोर नटाला उमगला नाही, असे मला नम्रपणे वाटते.

हे पुस्तक वाचताना वाचकांनी प्रत्येक उताऱ्यानंतर पान उलटून पुढे कोण बोलतो ते जरूर पाहावे, एवढी विनंती आहे. त्यासाठीच प्रत्येक प्रवेश मरणाऱ्याच्या वाक्यापाशी न तोडता पडद्यापर्यंत दिला आहे. आणि नाटककारांच्या स्वतःच्या वारशाचीही थोडी आठवण ठेवावी. सोफोक्लीसचे अखेरचे नाटक त्याच्या पश्चात इसवी सनपूर्व ४०१ मध्ये त्याच नावाच्या नातवाने रंगभूमीवर आणले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले; 'एकच प्याला'ची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली आणि गंधर्व मंडळीने पहिला प्रयोग महिन्याभरात बडोद्याला केला. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात एकाही नाटकाचा उल्लेख नाही. त्यात तीन नटमित्रांना अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले आहेत. त्यांपैकी बर्बेज १६१९ मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी, हेमिंग्ज आणि काँडेल यांनी, १६२३ साली छत्तीस नाटकांचा संग्रह छापवून घेतला, आणि 'मॅकबेथ', 'ज्यूलियस सीझर' व 'अँटनी अँड क्लिओपात्रा' ही नाटके त्या संग्रहात पहिल्यांदा छापली गेली.